काठावरच्या चपला

आधी माझ्याविषयी सांगते, म्हणजे खाली कोणी "ताई, तुम्ही मनानं फार हळव्या दिसता" असं लिहायला नको. मी हळवी नाही. अमावस्येला नवी गाडी घेतलेली बाई आहे मी, कारण त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. अंगात येणाऱ्या एका चुलतीला लहानपणी मी चिमटा काढून बघितलेला आहे. ती ओरडली, आणि शिव्या काही देवीच्या नव्हत्या, चांगल्या आमच्या गावच्या होत्या. इथले अनुभव मी वाचते ते हसायला. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक… सगळ्यांना एकच भूत कसं काय भेटतं, असं मला नेहमी वाटतं.

माझ्या अनुभवात पिंपळ नाही, साडीही नाही. त्यात एक कॉम्प्युटर आहे, एक काळी केबल आहे आणि एक आकडा आहे, जो शून्य व्हायला पाहिजे होता आणि होत नव्हता. तेही भर दुपारी. हसायचं तर हसा, मी काही मनाला लावून घेणार नाही. पण आधी विहिरीचं सांगावं लागेल, त्याशिवाय कॉम्प्युटरचं कळणार नाही.

आमचं गाव पेडगाव, परभणी तालुका. शेतातली विहीर सामाईक होती, आमची आणि भाऊबंदांची. विहीर एक, मोटार एक, पाणी पाळीनं. मोटार विहिरीच्या आत कट्ट्यावर बसवलेली, आणि स्टार्टर मात्र लांब, लाइटच्या डांबाजवळच्या, म्हणजे खांबाजवळच्या, खोपटात. खोपटातून विहिरीचा काठ दिसायचा, आतलं काहीच दिसायचं नाही. म्हणून आमच्याकडं एक रीत होती. जो कोणी आत उतरेल, गाळ काढायला म्हणा, पाइपच्या तोंडाला अडकलेला पाला काढायला म्हणा, त्यानं आपल्या चपला काठावर काढायच्या, खोपटातून दिसतील अशा. वर आला की घालायच्या. बटण दाबणाऱ्यानं आधी काठ बघायचा. चपला दिसल्या तर आत माणूस आहे, थांबायचं. काठ रिकामा दिसला तर खुशाल मोटार चालू करायची.

माझ्या आजोबांच्या वेळची मोट गेली आणि मोटार आली, तेव्हापासूनची ही रीत. भाऊबंदांत बांधावरून डोकी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावला नाही. एवढी एक गोष्ट आमच्यात शहाणपणाची होती.

माझा मोठा भाऊ दिगंबर, आमचा दिगूदादा, त्या विहिरीत गेला.

मी तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होते. नामांतराचे दिवस होते ते. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी कधी निघेल आणि कुठं अडेल सांगता यायचं नाही. निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला जे कळलं ते लोकांच्या तोंडून. दुपारची लाइट गेली होती. पाणी नीट येत नव्हतं म्हणून दादा पाइपचं तोंड साफ करायला पाण्यात उतरला. तेवढ्यात लाइट आली. लाइट आली की आमच्याकडं माणसं कशी पळतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको… पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नाही. पाळी भाऊबंदांतल्या भुजंगकाकांची होती. काका खोपटात गेले, काठ बघितला, काठ रिकामा होता. त्यांनी बटण दाबलं. मोटारीच्या वायरीचा जोड पाण्यात उघडा पडला होता, ते कोणालाच माहीत नव्हतं.

दादाच्या चपला नंतर सापडल्या. काठावर नाही, बाजूच्या लिंबाखाली, नीट जोडीनं ठेवलेल्या. नव्या कोऱ्या कातडी चपला. दादाची सोयरीक ठरली होती सोनपेठला, तिथल्याच बाजारातून त्यानं लग्नासाठी म्हणून घेतल्या होत्या आणि दम निघत नव्हता म्हणून आधीच घालून फिरत होता. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. नव्या चपलेचं कवतिक नडलं म्हणाले. दिगूच विसरला, लिंबाखाली काढून तसाच उतरला. पोलीस पाटलापासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळ्यांचं हेच. भुजंगकाका त्यानंतर कधी शेतात गेले नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून असायचे, कोणी जेवायला हाक मारली तर उठायचे.

आणि माय… माझी आई, तिला आम्ही मायच म्हणायचो, तिनं त्या दिवसापासून पायात काही घातलं नाही. उन्हातान्हात, काट्याकुट्यात अनवाणी. लोक म्हणायचे लेकाचं दुःख आहे, कोणी म्हणायचं नवस आहे. मी एकदा-दोनदा विचारलं तर म्हणाली, "नको वाटतंय." मी पुढं विचारलं नाही. मला खरं सांगायचं तर दादाचाच राग होता. एवढी साधी गोष्ट विसरतं का कोणी?

आता कॉम्प्युटर.

शिकून मी परभणीत नोकरीला लागले. एक खाजगी बियाणं कंपनी होती, नाव सांगत नाही. मालकांना सगळे शेठजी म्हणायचे. शेठजींना मुंबईत कोणीतरी कॉम्प्युटरचं नेटवर्क दाखवलं आणि यांना हौस आली. मग आमच्याकडं एक मोठं युनिक्स मशीन आलं, आणि गोडाऊन, हिशोब, प्रयोगशाळा असे प्रत्येक खात्यात छोटे कॉम्प्युटर, सगळे एका काळ्या केबलनं जोडलेले. मशीनच्या खोलीला एसी होता. साहेबांना नव्हता, मशीनला होता. दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. धूळ मशीनला चालत नाही म्हणे. परभणीत, उन्हाळ्यात, थंड खोलीच्या निमित्तानं सगळी कंपनी दिवसातून एकदा तरी चपला काढून आत यायची. शेठजी तर दुपारची डुलकी तिथंच काढायचे.

नेटवर्कचं कार्ड स्वस्तातलं होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि मशीन यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, फ्लॉपीवर आला होता आणि अर्धा कच्चा होता. त्यातला घोटाळा असा. मशीनच्या मेमरीचा एक तुकडा सगळ्या खात्यांनी मिळून वापरायचा. आणि रोज संध्याकाळी कामाची नक्कल टेपवर उतरवताना तोच तुकडा टेपला लागायचा. भाऊबंदच ते. म्हणजे संध्याकाळी नेटवर्कचा ड्रायव्हर काढायचा, तुकडा मोकळा करायचा, मग टेप लावायची. पण तुकडा मोकळा करताना गोडाऊनवाला त्यात अजून लिहीत असला तर? मग त्याचं लिखाण जाऊन पडणार टेपच्या मधोमध, आणि मशीन जागेवर आडवं होणार. रोज व्हायचं. शेठजी विचारायचे, "मॅडम, हे मशीन रोज उपवासाला बसतं का?"

मी तो ड्रायव्हर वाचायला बसले आणि माझ्या अंगावर काटा आला. यात भुताचा संबंध नाही, मला नुसतं ओळखीचं काहीतरी दिसलं. त्या प्रोग्रॅमनं आत कोण आहे हे बघण्याची नीट सोयच केली नव्हती. एकदा बघायचं, रिकामं दिसलं की बटण दाबायचं. बघणं आणि दाबणं याच्या मध्ये कोणी उतरला तर त्याचं नशीब.

मग मी तो पुन्हा लिहिला, आमच्या विहिरीच्या रीतीनं. जो तुकड्यात उतरेल त्यानं आधी चप्पल काठावर ठेवायची, म्हणजे एक आकडा एकानं वाढवायचा. बाहेर आला की कमी करायचा. ड्रायव्हर काढायची वेळ झाली की आधी दार लावायचं, आता नवीन कोणी उतरू नका. मग काठावर एकही चप्पल उरत नाही तोवर थांबायचं. आणि मगच तुकडा मोकळा. त्या आकड्याचं नाव मी प्रोग्रॅममध्ये 'चप्पल' असंच ठेवलं. दादासारखं कोणी विसरूच शकणार नाही असा ड्रायव्हर लिहायचा, या रागानंच मी तो लिहिला असेल.

तो झकास चालला. मशीन आडवं व्हायचं थांबलं. शेठजींनी पेढे वाटले, माझा पगार मात्र वाढवला नाही.

मग उन्हाळा आला आणि दुपारची लाइट जायला लागली. आमचं मशीन बॅटरीवर होतं, ते चालूच राहायचं; खात्यांतले कॉम्प्युटर मात्र बंद पडायचे, म्हणजे आत कोणी उरायला नको. लाइट यायची. आणि अशा दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर काढायला गेलं की तो निघायचा नाही. आकडा बघावा तर एक. खात्याखात्यात फिरून बघितलं, सगळे बाहेर. कॉम्प्युटर बंद. मी केबलसुद्धा उपटून बघितली. तरी एक.

लाइट गेली नाही त्या दिवशी शून्य. लाइट जाऊन आली की एक.

मी घाबरले नाही, वैतागले. मोजण्यात चूक असणार. कोणीतरी वर येताना चप्पल उचलायची राहून जातेय, बस. मी सगळा प्रोग्रॅम ओळीओळीनं तपासला, काही सापडलं नाही. मग पुण्याहून एका इंजिनिअरला बोलावलं. देवधर त्याचं नाव, हुशार माणूस. 'चप्पल' बघून तो इतका हसला की चष्मा पुसायला लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. लाइट येताना झटका बसतो, कार्ड उगाच दचकून मशीनला हाक मारतं, आणि तुमचा ड्रायव्हर कोणी नसताना चप्पल मांडून ठेवतो. नुसती चप्पल, माणूस नाही. तेव्हा आकड्याकडं बघू नका, जबरदस्तीनं काढा. आत कोणी नसेल तर काही होणार नाही.

मलाही पटलं. आम्ही जबरदस्तीनं काढला, आणि मशीन कोसळलं.

तुम्हाला याचा अर्थ कळला का? मला लगेच कळला, आणि देवधरचं हसू तिथंच थांबलं. चप्पल खोटी असती तर तुकडा मोकळा केल्यानं काही बिघडलं नसतं. मशीन कोसळलं याचा अर्थ तुकडा मोकळा झाल्यावरही आत कोणीतरी हात मारत होतं. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलं. कार्ड बदललं, तरी तेच. लाइटला स्टॅबिलायझर लावला, तरी तेच. शेवटच्या दिवशी देवधर बॅग भरताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. मला माहीत नाही कोण, पण कोणीतरी खरंच आत आहे."

मी त्याला दादाचं काही सांगितलं नव्हतं. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्याच दिवसांत माय डोळे दाखवायला परभणीला आली. मोतीबिंदू झाला होता. सकाळी दवाखाना झाला आणि बंद पुकारल्याचं कळलं, एसटी बसस्थानकातच उभ्या. तिला कुठं ठेवणार, घेऊन गेले कंपनीत. वाटेत डांबरावर तिचे पाय भाजताना बघवेना म्हणून स्टेशन रोडला एका अर्धं शटर ओढलेल्या दुकानातून मी तिला चपला घेतल्या. साध्याच, कातडी. तिनं घातल्या नाहीत. पिशवीत टाकल्या आणि तशीच चालत आली.

मशीनच्या खोलीच्या दाराशी चपलांची रास होती. माय अनवाणीच, तिला काढायचं काही नव्हतं. आत आली आणि कोपऱ्यात गार फरशीवर बसली. "मशिनीला वारा, आन् मानसं बाहीर," एवढंच म्हणाली. मला हसू आलं. फार दिवसांनी तिनं असं काही म्हटलं होतं.

दुपारी लाइट गेली. थोड्या वेळानं आली. मी सवयीनं आकडा बघितला आणि टेबलावर हात आपटला.

"काय झालं गं?"

"काही नाही. तुला नाही कळायचं."

"सांग की. बसूनच तर हाय मी."

मग मी सांगितलं. दुसऱ्या कशानं सांगणार, विहिरीनंच सांगितलं. दादा गेल्यापासून आमच्या दोघींत विहीर हा शब्द आला नव्हता. म्हटलं, माय, आपली चपलेची रीत होती ना, तशीच यात केलीय. सगळे वर आलेत, मी स्वतः बघितलंय, तरी काठावर एक जोड दिसतेय. लाइट आली की दिसते.

ती पडद्याकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "जोड दिसायली म्हंजे मानूस आत हायच की. तुमी का म्हून न्हाई म्हनायलात?"

"माय, आत कोणी नाही. ते मशीन आहे."

"आन् जोड न्हाई दिसली तर?" ती म्हणाली. "जोड न्हाई म्हून मानूस न्हाई, आसंच व्हय?"

तिचा आवाज ऐकून मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ खाली बसले. ती माझ्याकडं बघत नव्हती. समोरच्या पडद्याकडं बघत होती, तिला धड दिसत नव्हतं तरी.

"चपला मी हालिवल्या व्हत्या," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"भाकर घिऊन गेले व्हते मी. त्येच्या चपला काठावर, उन्हात. नव्या. उन्हानं कातडं कडक व्हतंय, मंग टाच सोलती. लगीन तोंडावर आल्यालं. म्हनलं सावलीला ठिवाव्या. लिंबाखाली नेऊन ठिवल्या."

"पण माय, तुला रीत माहीत होती…"

"ठावं व्हती की! का न्हाई ठावं? पर लाइट न्हवती. लाइट न्हाई तर मोटार कशाची चालू व्हतीया? लाइट यायच्या आत परत ठिवीन म्हनलं. कापसात दोन बोंडं येचाव म्हनलं तवर. आन् आली की गं लाइट. लई पळाले मी. लई पळाले."

ती रडली नाही. एवढी वर्षं दादाच्या नावावर पडलेलं हे सगळं ती अनवाणी पायांनी वागवत होती आणि मी तिला नवस आहे का म्हणून विचारत होते. तिला जवळ घ्यावं एवढंही मला सुचलं नाही. दादा विसरला नव्हता. एवढंच डोक्यात फिरत होतं… दादा विसरला नव्हता.

"लोक म्हनले दिगूच चुकला. मी म्हनू दिलं. भुजंगाला बी सांगितलं न्हाई. निस्ती एक हाळी दिली असती त्येनं, हाय का कुनी आत म्हून… पर त्येचा काय दोस? त्येनं काठ बघितलाच की."

मग ती उठली. भिंतीला धरून मशीनपाशी गेली. पिशवीतून त्या नव्या चपला काढल्या आणि मशीनच्या शेजारी, खिडकीतून ऊन पडत होतं तिथं, नीट जोडीनं ठेवल्या.

"हितं राहू दी. कुनी हात लावायचा न्हाई."

आणि त्या लोखंडी पेटीकडं तोंड करून, शेतात हाळी देतात तशा आवाजात ती म्हणाली, "दिगू! वर ये रं बाबा. चपला हायत. ठिवल्यात मी. ये वर."

बाहेरून दोघं-तिघं डोकावले. मी दार लावून घेतलं. वाचणाऱ्यांना वाटेल की आता आकडा शून्य झाला. मलाही तेच वाटलं. मी, अमावस्येला गाडी घेणारी, पडद्यासमोर हात जोडून उभी होते, कधी जोडले ते मलाच कळलं नाही. आकडा एकच होता. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. ऊन खिडकीतून सरकलं की ती चपला उन्हात सरकवायची, आणि मला विचारायची, "आला का?" मी नाही म्हणायचे.

अंधार पडायच्या आत ती उठली. "न्हाई यायचा त्यो," म्हणाली. "माज्यावर रागं भरलाय."

"तसं नाही माय. हे मशीन आहे."

"आसू दी," ती म्हणाली, आणि अनवाणीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं. तिनं डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं नाही. काय बघायचंय आता, असं म्हणायची. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या थंडीत माय गेली, झोपेतच. दिवसकार्य आटोपून मी कामावर आले. मशीनशेजारी चपला तशाच होत्या. त्या मी कोणाला हलवू दिल्या नव्हत्या, शेठजींनासुद्धा. त्या आठवड्यात दुपारी लाइट गेली आणि आली. मी आकडा बघितला.

दोन.

याआधी कधीही दोन झाला नव्हता. एवढे महिने, एवढ्या वेळा लाइट गेली-आली, नेहमी एकच. मी खाली फरशीवर बसले, ती बसली होती तिथंच. ती त्याला आणायला उतरली होती. एवढाच अर्थ मला लागत होता, दुसरा लागत नव्हता. आणि मग मी रोज वाट बघायला लागले, की आज ती त्याला घेऊन वर येईल, आज शून्य होईल. नाही झाला. लाइट आली की दोनच.

वर्षही झालं नसेल, शेठजींनी नवं मशीन घेतलं. नव्याला माझा ड्रायव्हर नको होता. जुनं बंद करायला मला सांगितलं तर मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर काय सांगणार? नव्या मशीनबरोबर देवधरच आला होता. त्याला आठवत होतं सगळं, पण त्यालाही संध्याकाळची गाडी गाठायची होती. नेमकी त्या दुपारी लाइट जाऊन आली होती. पडद्यावर दोन होता, मी स्वतः बघितला.

त्यानं मागून वायरीला हात घातला. मी ओरडले. खरंच, कंपनीच्या सगळ्या लोकांसमोर, आमच्या शेतातल्या आवाजात ओरडले, "हाय का कुनी आत?"

सगळे माझ्याकडं बघत राहिले. देवधरचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं वायर उपटली.

एवढंच आहे. मी नंतर पुण्याला आले, याच धंद्यातून निवृत्त झाले. हाताखालच्या कितीतरी मुलांना शिकवलं, की आत कोण आहे ते मोजल्याशिवाय सामाईक वस्तू मोकळी करायची नाही. त्यांना विहिरीचं कधी सांगितलं नाही. आकड्याचं स्पष्टीकरण मी अजून शोधतेय. एकचं एक वेळ देईन मी, लाइटचा झटका, स्वस्तातलं कार्ड, काय वाटेल ते. दोनचं देता येत नाही. तुमच्यापैकी कोणी जाणकार असेल तर त्यानं जरूर सांगावं, मी भांडणार नाही. पण "आईच्या आत्म्याला शांती लाभो" असं कृपा करून लिहू नका. ती लाभलेली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्या चपला माझ्याकडं आहेत, बाल्कनीत, कठड्यापाशी. कामवाली नवी आली की ओळीनं सगळं आवरते आणि त्या आत सावलीत नेऊन ठेवते. मी काही न बोलता परत उन्हात ठेवते. कातडं कडक होऊन पार वाकडं झालंय, आता कोणाच्याच पायात जायच्या नाहीत त्या. होऊ दे. दिसल्या पाहिजेत.